हजेरीपटावरची नावं ‘वैयक्तिक माहिती’ कधीपासून झाली? (माहिती अधिकार, कलम ८(१)(ञ))

पाणंदवाट

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण विषय सगळ्यांच्या कामाचा आहे.

आमच्या गावात रोजगार हमीतून पाणंद रस्ता झाला. कागदोपत्री काम पूर्ण, मजुरीही खात्यांवर जमा. गावात मात्र कुजबुज, की अमक्याने फावड्याला हात न लावता मजुरी घेतली, तमका तर वर्षभर पुण्याला कंपनीत आहे. ऐकीव गोष्टींवरून कुणावर आळ घेऊ नये म्हणून मी रीतसर माहिती अधिकाराचा अर्ज, म्हणजे जोडपत्र ‘अ’ भरलं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि हजेरीपट, मोजमाप पुस्तिका आणि देयकांच्या प्रती मागितल्या.

मोजमाप पुस्तिका आली. हजेरीपटही आला, पण नावांच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत काळी पट्टी ओढून मग झेरॉक्स काढलेली. शेजारचा जॉबकार्ड क्रमांकाचा रकानाही तसाच काळा. दिसतं काय, तर हजर दिवस, दर आणि रक्कम. सोबत दोन ओळींचं पत्र: मजुरांची नावं ही वैयक्तिक माहिती असल्याने सुधारित कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाहीत.

इंग्रजी प्रतीत ज्याला ८(१)(जे) म्हणतात तेच हे कलम. २००५ च्या मूळ कायद्यात माहिती वैयक्तिक आहे एवढ्या कारणावर नकार देता येत नसे. त्या माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी काहीच संबंध नसावा, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात अनाठायी ढवळाढवळ होत असावी, अशी अट होती. तरीही व्यापक जनहित दिसलं तर अधिकाऱ्याने ती द्यायची. शिवाय खाली एक परंतुक होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. माझ्या लेखी अख्ख्या कायद्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते. माझ्यासारखा अर्जदार आणि आमच्या मतदारसंघाचा आमदार, दोघांचा हक्क सारखा!

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं पुसलं. आता तिथे उरलंय फक्त ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’. ना अट, ना परंतुक. राष्ट्रपतींची मंजुरी ११ ऑगस्ट २०२३ ची, पण हा बदल लागू झाला नोव्हेंबर २०२५ मध्ये, नियम आले तेव्हा. आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे: कंपन्यांनी आपला डेटा कसा सांभाळायचा, गळती झाली तर काय करायचं, या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिलीय, म्हणजे मे २०२७ उजाडणार. माहिती अधिकारावरची कात्री मात्र त्याच दिवशी चालली.

सरकारी तिजोरीतून पैसा ज्याच्या नावावर निघाला, ते नाव त्या व्यवहारापुरतं खासगी राहत नाही, असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर जरूर सांगा. आणि असा नकार आणखी कुणाला आलाय का? अपिलात काय मांडावं?

रुखवत

विषय काढलात ते बरं झालं. पण दुसरी बाजूही मांडते, कारण ती मी जवळून पाहिली आहे.

एका योजनेची लाभार्थी यादी आमच्याकडे व्हॉट्सॲपवर फिरली. नाव, पत्ता, मोबाइल, बँक खाते क्रमांक, सगळं एका फाइलमध्ये. माझ्या ओळखीतली एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दुसऱ्या गावी राहायला गेली होती. ती कुठे आहे हे त्याला त्या यादीवरून कळलं. पुढचं लिहीत नाही.

तेव्हा ‘सरकारी पैसा घेतला की सगळं उघड’ हे मला मान्य नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि तो सर्वांत आधी गरिबाला हवा, कारण प्रत्येक योजनेसाठी आपली सगळी कुंडली सरकारपुढे मांडावी लागते ती त्यालाच.

फक्त त्यासाठी नावावर काळी पट्टी ओढायची गरज नाही. मोबाइल झाका, खाते क्रमांक झाका, घराचा पत्ता झाका. आधार क्रमांक जाहीर करायला तर आधार कायद्याच्या कलम २९(४) ने आधीपासूनच बंदी आहे. गाव, नाव, कामाचे दिवस, मिळालेली रक्कम एवढं राहू द्या. माहिती अधिकाराच्या कलम १० मध्ये हीच सोय आहे की: देण्याजोगा भाग वेगळा करून द्यायचा. तुमच्या कार्यालयाने हे कलम वापरलं, पण नेमकं उलट्या बाजूने.

दप्तरी

मी जन माहिती अधिकारी म्हणून काम केलं आहे. टेबलाच्या या बाजूने लिहितो, रागावू नका.

अर्ज आला की कर्मचाऱ्याच्या डोक्यात पहिली भीती असते दंडाची. माहिती उशिरा दिली किंवा कारण नसताना नाकारली तर रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, आणि तेही पगारातून. ही भीती माहिती देण्याच्या बाजूने काम करायची. मूळ कलम असताना मी फाइलवर चार ओळींचं टिपण लिहायचो: जनहित काय, हानी काय. त्या टिपणाचा आधार वाटायचा.

नव्या कायद्याचे २५० कोटींपर्यंतच्या दंडाचे आकडे आता कार्यालयात येऊन पोहोचलेत. तो दंड डेटा बाळगणाऱ्या संस्थेला असतो, टेबलावरच्या कारकुनाला नाही, हे समजावून सांगणारं प्रशिक्षण मात्र पोहोचलेलं नाही. साहेब सांगतात, ‘नाव दिसतंय ना, मग नाही म्हणा.’ नाही म्हणणं सगळ्यात सोपं झालंय, कारण आता जनहित-हानीचं टिपण लिहावं लागत नाही.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. माहिती अधिकार कायद्याचं कलम २१ अजून जागेवर आहे. सद्भावनेने माहिती दिली तर तुमच्यावर दावा किंवा खटला चालत नाही. हे कलम छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

कोर्टफी

@पाणंदवाट, अशा अपिलांत मी अर्जदारांच्या बाजूने उभा राहतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, तुमच्यापासून झाकलेली नावं आजही रोजगार हमीच्या केंद्रीय संकेतस्थळावर शोधून पाहा. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की कामनिहाय ई-मस्टर, म्हणजे संगणकावरचे हजेरीपट उघडतात, नावासकट. त्याहून पुढची गोष्ट: जानेवारी २०२३ पासून बहुतेक सार्वजनिक कामांवर मोबाइल ॲपवरून हजेरी सक्तीची झाली. म्हणजे कामावर रोज दोनदा मजुरांचे फोटो काढून ते वर चढवायचे. दिवसातून दोनदा चेहरा टिपणारी यंत्रणा गावकऱ्याला नाव सांगताना खासगीपणाची सबब देते. हे अपिलात जसंच्या तसं लिहा. सोबत त्या पानाची छापील प्रत जोडा.

दुसरी गोष्ट, तुमचं काम २००५ च्या रोजगार हमी कायद्याखालचं. त्याच्या कलम १७(३) नुसार हजेरीपट, देयकं, व्हाउचर, मोजमाप पुस्तिका ग्रामपंचायतीने सामाजिक अंकेक्षणासाठी (गावकऱ्यांनी स्वतः करायच्या तपासणीसाठी) ग्रामसभेपुढे ठेवायलाच हवीत. जे ग्रामसभेत चारचौघांत वाचायचं, ते ग्रामसभेच्या एका सदस्याला कसं नाकारणार?

तिसरी, माहिती अधिकाराचं कलम ४. अनुदान योजनांमधल्या लाभार्थ्यांचा तपशील, सवलती आणि परवाने मिळालेल्यांचा तपशील, अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन, हे कुणी न मागता जाहीर करायचं आहे. त्या कलमाला हात लागलेला नाही. आणि डेटा कायद्याचं कलम ३ सांगतं, की इतर कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केलेला वैयक्तिक डेटा या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी टीकेला उत्तर देताना याच कलमाचा आधार घेतला होता. मंत्र्यांचंच म्हणणं तुमच्या अपिलाला बळ देतं.

चौथी, माहिती अधिकाराचंच कलम ८(२). जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते, हे तिथे शाबूत आहे. सरकार म्हणतं, मग बिघडलं काय? बिघडलं ते असं. जुन्या कलमात तोल पाहणं हे माहिती अधिकाऱ्याचं आणि अपिलीय अधिकाऱ्याचं काम होतं, आणि वैयक्तिक माहिती रोखायलाच मुळात कारण लागायचं. ८(२) मध्ये ‘सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकेल’ अशी भाषा आहे. म्हणजे आधी दार बंद, मग उघडायची मर्जी वरच्याची, आणि जनहित सिद्ध करण्याचं ओझं अर्जदारावर.

जुनं खोड

वय झालंय, टंकताना चुका होतात, समजून घ्या.

राजस्थानातल्या कोटकिराणा गावात डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली. अशा सुनवायांत व्हायचं काय? हजेरीपट सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचायचे. एकेक नाव पुकारलं जायचं आणि लोक उठून सांगायचे: हा तर कामावर आलाच नव्हता, हा केव्हाच वारला, ही बाई लग्न होऊन सासरी गेली. अंकेक्षकाला कार्यालयात बसून जे सापडत नाही ते शेजाऱ्याला नाव ऐकताक्षणी कळतं. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं झालं, त्याच हिशोबासाठी. हा कायदा हजेरीपटाच्या पोटी जन्माला आलाय बाबांनो. नाव काढून घेतलं तर बेरजा बरोबर येतील, चोरी सापडणार नाही.

आपल्याकडे अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर बसले तेव्हा राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची सही मिळाली. केंद्राचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी आला.

झावळ्या

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे माहिती अधिकाराचा राज्य कायदा १९९७ चा, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. तो होताना पत्रकारांनी त्यातल्या जाचक तरतुदींविरुद्ध आवाज उठवला होता, हे जुने लोक अजून सांगतात.

आमचा प्रश्न जमिनीचा. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली शेतजमिनीचा, ऑर्चर्डचा झोन बदलून तिथे वस्ती उभी राहिली. सर्व्हे नंबर कळून अर्धीच गोष्ट कळते. अर्ज कुणाचा, मालक कोण, कंपनी असेल तर सही कुणाची, हे कळलं तरच निर्णय घेणाऱ्याशी त्याचं नातं आहे का ते तपासता येतं. उद्या ‘अर्जदाराचं नाव वैयक्तिक’ म्हणाले तर डोंगर कापला जाताना नुसता नकाशा बघत बसायचं. रुखवत यांची मजुराबद्दलची काळजी मला पटते. पण या कलमात मजूर आणि बिल्डर यांच्यात फरकच केलेला नाही.

रुखवत

@झावळ्या, हो, हा मुद्दा मला मान्य. जुन्या कलमातली ‘सार्वजनिक कामकाजाशी संबंध’ ही अट नेमका हाच फरक करत होती. ती गेल्याने माझ्या ओळखीतल्या बाईला जास्त संरक्षण मिळालं असंही नाही. तिची यादी माहिती अधिकारातून बाहेर पडली नव्हती, कुणीतरी आतूनच फोडली होती. त्या गळतीवर कारवाई करणारी कलमं २०२७ मध्ये येणार.

बखरीचं पान

मी जिल्ह्याच्या ठिकाणी बातमीदारी करते.

कुलाब्याची ‘आदर्श’ सोसायटी आठवा. तिथे नुसत्या इमारतीची उंची मोजून काय हाती लागलं असतं? कारगिलच्या नावावर उभ्या राहिलेल्या इमारतीत सभासद कोण कोण, कुणाचे नातेवाईक, परवानग्या देणाऱ्या कुणाकुणाच्या घरात फ्लॅट गेले, हे माहिती अधिकारातून कागद मिळवणाऱ्यांनी धसाला लावलं. नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. सभासदांची यादी म्हणजे शुद्ध ‘वैयक्तिक माहिती’. आज ती मागितली तर?

त्याच वर्षी जानेवारीत तळेगाव दाभाड्याला सतीश शेट्टींचा खून झाला. जमिनीच्या व्यवहारांची कागदपत्रं ते माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. असल्या माणसांनी जोखीम पत्करून उघडं ठेवलेलं कलम आहे हे.

आणि आमच्यावरची दुसरी टांगती तलवार: डेटा कायद्याच्या २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत पत्रकारितेला सूट होती. २०२३ च्या कायद्यात ती गायब आहे. एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेने यावर जाहीर चिंता व्यक्त केली. उद्या एखाद्या ठेकेदाराबद्दल बातमी करायची तर त्याचा डेटा वापरायला त्याचीच संमती घ्यायची का? चारपानी साप्ताहिक चालवणारा माणूस वकील कुठून आणेल? सरकारला मात्र आपल्या यंत्रणांना याच कायद्याच्या कलम १७ खाली सूट देता येते.

उत्तररात्र

स्वीडनमधून. इथे सरकारी कागद पाहायचा हक्क १७६६ पासून आहे. मी नवीन आले तेव्हा थक्क झाले होते: कोणाही माणसाचं करपात्र उत्पन्न किती हे कर खात्याला विचारलं की सांगतात, आणि विचारणाऱ्याने स्वतःचं नाव, कारण काही सांगायचं नसतं. सगळ्यांना हे आवडतं असं नाही. एवढं उघडं असावं असं मलाही वाटत नाही, विशेषतः इथे लोकांचे पत्तेसुद्धा सहज मिळतात त्याचा त्रास होतो.

पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे युरोपचा कडक डेटा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याने हा जुना हक्क मोडला नाही. त्याच्या अनुच्छेद ८६ मध्ये सरकारी दस्तऐवजांतला वैयक्तिक डेटा देशाच्या माहिती कायद्याशी मेळ घालून देता येतो असं लिहिलंय, आणि अनुच्छेद ८५ पत्रकारिता व संशोधनासाठी सवलती ठेवायला सांगतो. तेव्हा डेटा संरक्षण आणायचं म्हणून माहिती अधिकार कापावाच लागतो, हे खरं नाही.

कोर्टफी

@उत्तररात्र यांच्या मुद्द्याला देशी पुरावा जोडतो. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या समितीने २०१२ मध्येच सांगितलं होतं, की खासगीपणाचा कायदा करताना माहिती अधिकार आक्रसू नये. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ च्या अहवालात ८(१)(ञ) बदलायला सुचवलं, पण हानी जनहितापेक्षा जास्त असेल तरच नकार, असा तोल त्यात होता. दोघेही मुंबई उच्च न्यायालयात काम केलेले न्यायमूर्ती. दोघांपैकी कुणीही हे असं सरसकट कलम सुचवलेलं नाही.

एक प्रामाणिक गोष्टही सांगायला हवी. २०२५ च्या आधी सगळं आलबेल होतं असं नाही. गिरीश देशपांडे प्रकरणात, अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याबद्दल माहिती मागितली होती, त्यात ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्तेचा तपशील ‘वैयक्तिक’ ठरवला. तेव्हापासून कार्यालयं तो निकाल ढालीसारखी वापरतात. तरी त्यातही व्यापक जनहित दाखवलं तर माहिती मिळेल असं म्हटलंय. उलट बाजूला मुंबई उच्च न्यायालयाचा २००७ चा सुरूपसिंग नाईक निकाल वाचा. न्यायालयाच्या अवमान प्रकरणात तुरुंगवास झालेल्या माजी मंत्र्याच्या रुग्णालयातल्या मुक्कामाचे वैद्यकीय कागद मागितले होते. डॉक्टरी गोपनीयतेचे नियम माहिती अधिकाराच्या वर जात नाहीत असं न्यायालयाने म्हटलं, आणि त्यात त्या परंतुकाचा आधार होता. तेच परंतुक आता गेलं. कलम ४४(३) ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण तुमचं अपील त्यासाठी थांबवू नका.

पाणंदवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रुखवत ताई, तुमचं वाचून मी मागणी बदलली आहे: पत्ता, मोबाइल, खाते क्रमांक नकोत. अपिलाचा मजकूर असा लिहिलाय, डोळ्याखालून घाला:

“१) मागितलेले हजेरीपट रोजगार हमी कायदा, २००५ च्या कलम १७(३) नुसार ग्रामसभेस उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. २) सदर नावे शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध आहेत, प्रत सोबत जोडली आहे. त्यामुळे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चे कलम ३ पाहता ती रोखण्याचे कारण उरत नाही. ३) माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(ख) नुसार लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रकट करणे आवश्यक आहे. ४) पर्यायाने, सार्वजनिक निधीच्या खर्चाची पडताळणी हे जनहित असल्याने कलम ८(२) अन्वये माहिती द्यावी. ५) पत्ता, भ्रमणध्वनी व खाते क्रमांक कलम १० अन्वये वगळण्यास अपिलार्थीची हरकत नाही.”

दप्तरी

मजकूर चांगला आहे. सहावा मुद्दा घाला: ‘मूळ अभिलेखाच्या निरीक्षणाची परवानगी द्यावी.’ कागद पाहण्याचा हक्क माहिती अधिकाराच्या कलम २(ञ) मध्येच आहे, आणि पुष्कळदा प्रत नाकारणारं कार्यालय फाइल समोर ठेवायला तयार होतं. गावातल्या दोन जाणत्या माणसांना सोबत न्या. नावं ओळखायला तेच उपयोगी पडतील.

कोर्टफी

दप्तरी म्हणतात ते कराच. प्रथम अपिलाला जोडपत्र ‘ब’ आणि २० रुपयांचं तिकीट. नकाराचं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत द्या, पोचपावतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. काळ्या पट्टीची झेरॉक्स आणि संकेतस्थळावरची प्रत एकाखाली एक लावा, म्हणजे सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्याला दोन्ही एकदमच दिसतील.

पाणंदवाट

सोमवारी देतो. सुनावणीची तारीख लागली की इथे लिहीन.